दप्तराचं हिरवं ठिगळ

हॉलरशाइड गावच्या चढावर, चर्चच्या खालच्या अंगाला रोझविता लेंट्सनचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, एक लांब टेबल, बापाच्या वेळची अवजड शिलाई मशीन आणि भिंतीवर टांगलेले चामड्याचे सूट. सगळे मोटरसायकलवाल्यांचे, आणि सगळे कुठे ना कुठे फाटलेले. फाटले नसते तर ते इथे आले नसते आणि रोझविताची चूल पेटली नसती. हे तिला पक्कं ठाऊक आहे आणि गेली तीस वर्षं ते तिला डाचतं आहे.

बाप खोगिरं शिवायचा. घोडे गेले, ट्रॅक्टर आले, तेव्हा त्याने शाळेची दप्तरं शिवली. मग दप्तरंही कारखान्यातून यायला लागली आणि रस्त्यावर मोटरसायकली वाढल्या. जर्मनीतल्या या आयफेलच्या डोंगरात रस्त्यांना तोटा नाही, पण धरणापासून जंगलापर्यंत चढणारा आमचा रस्ता अकरा किलोमीटरचा आहे आणि त्याला त्रेचाळीस वळणं आहेत. एप्रिल उजाडला की दर रविवारी अर्धा ऱ्हाइनकाठ आणि पाव हॉलंड इथे लोटतो. गावकरी अंगणातल्या खुर्च्या उचलून घरामागे नेतात आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांशी ओरडून बोलतात.

पोलिसांनी काय करायचं बाकी ठेवलं? फलक लावले, रस्त्यात खडबडीत पट्टे घातले. एका उन्हाळ्यात रविवारी दुचाकींना बंदी केली, तर मंडळी शनिवारी दुप्पट आली. कॅमेरे बसवले, पण मोटरसायकलचा नंबर मागे असतो, माणसाचं तोंड पुढे असतं आणि तोंडावर हेल्मेट असतं. पुढून फोटो काढावा तर नंबर नाही, मागून काढावा तर माणूस नाही. आणि आमच्याकडे कायदा शिक्षा करतो ती चालवणाऱ्याला, गाडीच्या मालकाला नव्हे. चालवणारा कोण होता हे पोलिसांनी सिद्ध करायचं. त्यामुळे पकडला गेलेला गडी फोटोकडे बघून म्हणतो, हा मी नव्हेच, आणि कोण होता ते आठवत नाही. आमच्या भागात तरण्याताठ्या पुरुषांना विसरभोळेपणाचा जेवढा आजार आहे, तेवढा वृद्धाश्रमातही नसेल.

रोझविताच्या कामाची एक रीत आहे, आणि ती अख्ख्या रस्त्यावर माहीत आहे. ती फाटलेलं लपवत नाही. सूट काळा असेल तर त्यावर पिवळं ठिगळ लावते, पांढरा असेल तर लाल. ज्या जागी माणूस रस्त्यावर घासला, ती जागा दहा पावलांवरून दिसलीच पाहिजे.

सुरुवातीला असं नव्हतं. तेव्हा आपलं काम दिसू नये याचाच तिला गर्व होता. ड्युरेनचा बर्न्ड नावाचा एक उंच, हसरा पोरगा तीनदा पडला आणि तिन्ही वेळा तिने त्याचा सूट असा सांधला की त्यालाही शिवण सापडेना. चौथ्या वेळी सूट घेऊन त्याची आई आली. दवाखान्यात अंगावरून काढताना तो कात्रीने वरपासून खालपर्यंत कापला होता. ती बाई म्हणाली, "दुरुस्तीला नाही आणलेला. हा तुम्ही आधी तीनदा शिवलाय असं कळलं. कुठे कुठे, तेवढं दाखवा. मला त्याने कधी सांगितलंच नाही." रोझविताने सूट उजेडाला धरला आणि तिला स्वतःलाच आपली शिवण पटकन सापडली नाही. ती बाई टेबलापाशी वाट बघत उभी होती. त्या दिवशी रोझविताला आपल्या हातांची जेवढी लाज वाटली, तेवढी पुन्हा कधी वाटली नाही.

तेव्हापासून ठिगळ दिसायला लागलं. घरातल्यांनी बघावं, घालणाऱ्याने बघावं आणि जरा हात आखडावा, एवढाच तिचा हेतू. झालं भलतंच. पोरं ठिगळं मोजायला लागली. ज्याची जास्त, तो थोर. "मी ताकीद शिवते आणि हे मेले पदकं मिरवतात," असं ती चिडून म्हणायची, आणि पुढचं ठिगळ कापायला घ्यायची. दुसरं करणार काय?

तिचा मुलगा थिलो. एकुलता एक. त्याचा बाप, ब्रेमेनचा कॉर्डेस, धरणाच्या डागडुजीला आला, चार वर्षं राहिला आणि मुलाला आपलं आडनाव देऊन परत गेला. रोझविताने पोराला एकटीने वाढवलं. थिलो एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा पडला, हात प्लास्टरमध्ये घेऊन दारात उभा राहिला आणि दुसऱ्या हाताने सूट पुढे करून म्हणाला, "आई, गिऱ्हाईक आलंय."

ती हसली नाही. माळ्यावर जाऊन तिने त्याचं शाळेचं पहिलं दप्तर काढलं. आजोबाने नातवासाठी शिवलेलं ते शेवटचं दप्तर. चामडं त्याने स्वतः रंगवलं होतं, एका विचित्र, कच्च्या सफरचंदासारख्या हिरव्या रंगात. तसा रंग नंतर त्यालाही जमला नाही. रोझविताने दप्तराच्या झाकणाचा तुकडा कापला आणि सुटाच्या उजव्या खांद्यावर शिवला. सूट चढवताना पोराला आठवावं की आपण कुणाचं तरी लेकरू आहोत, असं तिच्या मनात होतं. इतरांच्या सुटांना तिने हाताला येईल तो तुकडा लावला. स्वतःच्या मुलाला मात्र जगात दुसरीकडे कुठेच नाही असं ठिगळ लावलं. चूक झाली ती इथे, आणि ती कळायला दहा वर्षं लागली.

आता थिलो एकोणतीस वर्षांचा आहे आणि सहा वर्षं शाळेची बस चालवतो. त्याच्या बसला आजवर ओरखडा नाही. तीसच्या हद्दीत तो अठ्ठावीसने जातो. आई-बाप शाळेत चिठ्ठी पाठवतात की आमच्या मुलीला थिलोच्याच बसमध्ये घ्या. आणि रविवारी हाच माणूस सूट चढवून त्रेचाळीस वळणांवर जातो. रोझविताने विचारून झालं, रागावून झालं, दोन महिने अबोला धरून झाला. तो म्हणायचा, "बसमध्ये मुलं असतात गं आई. तिकडे मी एकटाच असतो." ती म्हणायची, "आणि तू कुणाचा कोणी नाहीस का?" मग तो तिच्या खांद्यावर हात ठेवून विषय बदलायचा.

तर त्या मंगळवारी सकाळी पोलिसांच्या हिन्रिक्स बाई दुकानात आल्या. या मूळच्या उत्तरेकडच्या, तालुक्याच्या ठाण्यात बदली होऊन वर्ष झालेलं. बाई सडपातळ, आवाज हळू, बोलणं रोखठोक. नव्या माणसाला आमचं गाव आपणहून काही सांगत नाही, आणि बाईंनाही ते कळून चुकलं होतं.

"लेंट्सन बाई, ठिगळांबद्दल एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी एक मोठा फोटो टेबलावर ठेवला.

फोटो मागून काढलेला. लाल मोटरसायकल, नंबर स्वच्छ, वर वाकलेला काळा सूट. उजव्या खांद्यावर हिरवं ठिगळ.

"रविवारी, केसेलबाख गावात, भर रस्त्यात. पन्नासची हद्द. हा एकशे एकतीसने गेला."

रोझविताने चष्मा शोधण्याचं नाटक केलं. चष्मा कपाळावरच होता. तो डोळ्यांवर घेतल्यावर तिला फोटोच्या कडेला आणखी काही दिसलं. रस्त्याच्या काठावर आपली चाकांची ढकलकाठी धरून केसेलबाखच्याच ह्युटन आजी उभ्या होत्या. एक पाय रस्त्यावर, एक फूटपाथवर, आणि एक हात वर.

"त्यांना काही...?"

"नाही. हातभर अंतर राहिलं." हिन्रिक्स बाईंनी फोटोवर बोट ठेवलं. "गाडी गेरेऑन प्युट्सची आहे. बेकरीवाला. तो म्हणतो, मी काही बोलणार नाही. तो त्याचा हक्क आहे. गाडी आम्ही जप्त केलीय. अंगकाठी जुळते, रविवारी तो कुठे होता ते सांगत नाही. सरकारी वकील म्हणतात, तोच. पण त्याच्या घरी जो सूट मिळाला त्याच्यावर ठिगळ नाही. म्हणून तुमच्याकडे आले. हे काम तुमचंच ना?"

"हिरवं ठिगळ कुणीही लावील."

"कुणीही लावील. पण शिवण तुमची आहे. मी तुमचे चाळीस सूट पाहिलेत, लेंट्सन बाई. कोपऱ्यात तुम्ही तीन टाके उलटे घालता."

 तीन उलटे टाके ही तिच्या बापाची सवय होती.

"आणि समजा सापडला," तिने विचारलं, "तर काय होतं त्याला? दंड?"

"नुसता वेग असता तर दंड आणि काही महिने परवाना जमा. पण गाडीतून निघेल तेवढा वेग काढायचा म्हणून असा गेला, तर ती शर्यत. कायदा म्हणतो, माणूस एकटा असला तरी शर्यत होते. परवाना रद्द, गाडी सरकारजमा, तुरुंगही होऊ शकतो. पहिलीच वेळ असेल तर बहुतेक तुरुंग टळेल. परवाना टळणार नाही."

परवाना गेला की बस गेली. रोझविताने आरी उचलली आणि परत ठेवली.

"गुरुवारी अकरा वाजता ठाण्यावर या," हिन्रिक्स बाई म्हणाल्या. "सरकारी वकिलांनी साक्षीला बोलावलंय, म्हणजे यावं लागेल. तिथे खोटं बोलू नका, ते तुमच्यावर शेकेल. अगदी जवळच्या नात्यातला असेल तर न बोलण्याचा हक्क आहे. नवरा, मुलगा, भाऊ असा. पण मग नातं काय ते सांगावं लागतं."

"म्हणजे न बोलण्यासाठीसुद्धा बोलायचं."

"तसंच काहीसं." बाई दारापाशी थांबल्या. "पुष्कळ नातेवाईक असणाऱ्यांना ते सोपं जातं."

त्या गेल्यावर रोझविताने नाती मोजली. त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं. नवरा कधी झालाच नाही, भाऊ नाही, बहीण नाही. खालच्या आळीतल्या श्मिट्स बाईला सात मुलगे. तिने नकार दिला असता तर पोलीस सात दारं हिंडत बसले असते. रोझविताचा नकार मात्र थेट एकाच दारात जाऊन उभा राहणार होता.

दोनला थिलो जेवायला आला. दुपारची फेरी आटोपली की तीनच्या फेरीपर्यंत तो आईकडेच असायचा. तिने बटाट्याच्या किसाचे घावन केले होते आणि वर सफरचंदाचा गर. त्याने पहिला घावन संपवला आणि तिने विचारलं, "गेरेऑनची गाडी तू का घेतलीस?"

थिलोचा हात थांबला. "तो विकायचं म्हणत होता. बघत होतो, कशी चालते ते."

"एकशे एकतीसने चालते."

त्याने घावनाचा तुकडा मोडून गरात बुडवला.

"ह्युटन आजी होत्या तिथे."

"दिसल्या नाहीत मला," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "नंतर दिसल्या. आरशात."

"थांबलास?"

"नाही."

तिने ताटलीतला घावन उगाच उलटा केला. तो म्हणाला, "आई, हे बघ. गेरेऑन बोलणार नाही. तो बोलला नाही, तर त्यांच्याकडे फक्त ते ठिगळ आहे. सूट आणलाय मी, गाडीत आहे. हिरवं काढ, काळं लाव. तू रोज करतेस तेच. वीस मिनिटांचं काम."

"आणि गेरेऑन?"

"त्याच्याविरुद्ध काही सिद्ध होणार नाही."

"त्या बाई म्हणतात, वकिलांना तोच वाटतो. पहाटे चारला पावाची गाडी घेऊन सोळा गावं फिरतो तो. त्याचा परवाना गेला तर?"

"नाही जाणार."

"तू सांग ना जाऊन, की मीच होतो."

थिलोने तिच्याकडे पाहिलं. सातवीत गणितात नापास झाल्यावर त्याने असंच पाहिलं होतं. "आई, मला बसशिवाय दुसरं काही येत नाही," तो म्हणाला. "आणि ती मुलं... मी सहा वर्षं त्यांना एकदाही धक्का बसू दिला नाही. सगळ्यांना कळेल. त्यांच्या आयांना कळेल."

"कळेल," ती म्हणाली.

"मग करशील ना?"

तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जाताना त्याने सूट टेबलावर ठेवला. दुकानात पंधरा सूट होते, पण उरलेला दिवस तिला त्या एकाच सुटाशी खोलीत कोंडल्यासारखं झालं.

बुधवारी ती पाव आणायला गेली. नेहमीसारखा हातगाडा घेऊन गेली, म्हणजे वाटेत सरपणही घेता येतं. बेकरीत गेरेऑन स्वतः उभा होता, डोळे लाल, बाह्यांवर पीठ. थिलो आणि तो बालवाडीपासूनचे. दोघांचे दात एकाच आठवड्यात पडले होते. दुकान रिकामं झालं तसा तो म्हणाला, "मावशी, तुम्ही काळजी करू नका. माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही."

"अरे पण तू काही केलंच नाहीस."

"चावी मीच दिली ना. आणि मित्राचं नाव कसं सांगायचं? तुम्हीच सांगा, सांगता येतं का?"

"बायको काय म्हणते?"

"ती बोलत नाही माझ्याशी." तो हसला, पण ते हसणं धड जमलं नाही. "कालपासून पावाच्या गाडीवर भाऊ जातोय. म्हटलं, सवय असू दे. चुकून परवाना गेलाच तर."

त्याने पिशवीत राईचा पाव घातला आणि वर दोन छोटे गोड पाव टाकले, थिलोला आवडतात म्हणून. रोझविताला ते परत करावेसे वाटले, पण कसे करणार? ती पिशवी घेऊन चढ चढली, तेव्हा सरपण विसरली होती. त्या क्षणी तिला थिलोचा इतका राग आला की तो समोर असता तर तिने त्याच्या मुस्काटात मारली असती, आणि लगेच त्याला जवळ घेतलं असतं, आणि त्यातून काहीच सुटलं नसतं.

दुपारी तिने दाराला कडी घातली आणि सूट पुढ्यात ओढला. ठरवून टाकलं होतं. आई आहे मी, न्यायाधीश नाही. गेरेऑनचं बघू पुढे. तिने उसवायला घेतलं. दोरा मेणाचा, दहा वर्षं उन्हापावसात मुरलेला, एकेक टाका रापीच्या टोकाने उचलून कापावा लागत होता. ठिगळाची वरची बाजू सुटली आणि कातडं मागे वळलं.

मागच्या बाजूला अक्षरं होती. शिवताना तिने ती पाहिली होती की नाही, आता आठवेना. बापाच्या हातची, गरम सुईने चामड्यात डागलेली. थिलो कॉर्डेस, इयत्ता पहिली. आणि खाली, आजोबा प्रत्येक दप्तरावर लिहायचा तेच: सापडल्यास कृपया इथे आणून द्यावे. त्याखाली याच दुकानाचा पत्ता.

रोझविता ते वाचून तशीच बसून राहिली. सहा वर्षांचा पोरगा या दप्तराखाली नुसते दोन पाय दिसायचा. एकदा दप्तर बसथांब्यावर विसरला होता आणि कुणीतरी ते खरंच आणून दिलं होतं. आणून देणाऱ्या ह्युटन आजी. तेव्हा त्या आजी नव्हत्या, पोस्टात होत्या.

तिने डोळे पुसले. मग जाड सुई घेतली, दोरा दुहेरी केला, त्याला दोनदा मेण फासलं आणि हिरवं ठिगळ होतं तिथेच परत शिवलं. कोपऱ्यात तीन टाके उलटे घातले. मशीनवर काम झटपट झालं असतं, पण तिने सगळं हाताने केलं.

गुरुवारी अकराला ती ठाण्यात पोचली. मोठ्या कापडी पिशवीत सूट होता. पिशवी तिने पायांमध्ये धरली आणि वरून कोट टाकला. हिन्रिक्स बाईंनी कॉफी विचारली, तिने नको म्हटलं. बाईंनी पुन्हा सगळं वाचून दाखवलं, हक्क, कर्तव्यं, आणि तोच फोटो पुढे ठेवला.

"हा सूट तुम्ही ओळखता का?"

"मी बोलणार नाही," रोझविता म्हणाली.

"लेंट्सन बाई, कारणाशिवाय तसं म्हणता येत नाही."

"कारण आहे. तुम्हीच सांगितलेलं."

हिन्रिक्स बाईंची बोटं टंकताना थांबली. "मग नातं काय ते मला लिहावं लागेल."

आता मागे फिरता आलं असतं. ओळखत नाही, एवढंच म्हटलं असतं तरी ती बाहेर पडली असती, आणि गेरेऑन अडकून राहिला असता. 

"लिहा," ती म्हणाली. "आई."

बाईंनी तेवढं टंकलं. मग हिन्रिक्स बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला माहीत असायला हवं. तुम्ही बोलला नाहीत, याचा अर्थ मला त्याच्याविरुद्ध काढता येत नाही. कोर्टालाही नाही. हा कागद त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही."

"माहीत आहे. मी काही सांगितलेलंच नाही."

"नाही सांगितलंत."

"पण गेरेऑनची आई कोण, ते तुम्ही विचारून या," रोझविता म्हणाली. "त्याची आई मी नाही. एवढं तरी तुम्हाला कळलं."

बाईंनी कागद छापला आणि सहीसाठी पुढे केला. रोझविताने सही केली. अक्षर नेहमीचंच आलं, याचं तिला आश्चर्य वाटलं. उठताना तिने विचारलं, "तुम्ही आज किती वाजेपर्यंत असता इथे?"

"पाच." हिन्रिक्स बाईंनी तिच्या पायाशी असलेल्या पिशवीकडे एकदा पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. "स्वतःहून कोणी आलं, तर ते वेगळं लिहिलं जातं. कोर्ट ते बघतं."

शाळा ठाण्यापासून पाच मिनिटांवर. एक वाजून दहा मिनिटांनी थिलोची बस फाटकाशी लागली. पोरं आत शिरली आणि त्यांच्या मागोमाग रोझविता. थिलोने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. ती त्याच्या मागच्याच बाकावर बसली. शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी होती.

"थिलो, ही कोण?" मुलीने विचारलं.

"माझी आई."

"तुला आई आहे?" मुलगी खिदळली आणि मागे ओरडून सांगू लागली की थिलोला आई आहे. मागची पोरंही हसली.

बस निघाली. रोझविता पुढे वाकून त्याच्या पाठीशी बोलली. "मी तिथे काही सांगितलं नाही. बोलणार नाही म्हटलं. कारण विचारलं, ते दिलं."

त्याचे हात स्टिअरिंगच्या चाकावर तसेच राहिले. आरशात त्याचे डोळे एकदा तिच्याकडे वळले आणि परत रस्त्यावर गेले. कुठे जाणार होता तो? आत बावीस मुलं, पुढे अकरा थांबे. प्रत्येक थांब्यावर तो दार उघडत होता, मुलाला नावाने निरोप देत होता, आरसा बघत होता, वळायचा दिवा लावून निघत होता. ती मागे बसून ते बघत होती, आणि हे सगळं तो अगदी नीट करत होता.

बस शाळेची म्हणतात, पण वाटेतली म्हातारी माणसंही तिच्यात चढतात. केसेलबाखच्या थांब्यावर ढकलकाठी धरून ह्युटन आजी उभ्या होत्या. थिलो काही क्षण जागचा हलला नाही. मग उठला, उतरला, चाकं वर चढवायची फळी खाली केली आणि त्यांना दंडाला धरून वर घेतलं.

"थांबतोस बाबा तू," आजी धापा टाकत म्हणाल्या. "बरं वाटतं. रविवारी एक गेला माझ्या अंगावरून. दिसलाच नाही मला. आवाज आला तोवर गेलेला. तेव्हापासून रस्ता ओलांडायचा म्हटलं की पाय उचलत नाही. भाची पाव आणून देते. आज धीर केला, म्हटलं थिलोची बस आहे, तो घाई करत नाही."

थिलो फळीची मूठ धरून तसाच वाकलेला होता. "बसा आजी," तो शेवटी म्हणाला. "बसल्याशिवाय मी निघत नाही."

हॉलरशाइडच्या अलीकडे शेवटची दोन मुलं उतरली आणि आजी त्यांच्या भाचीकडे उतरल्या. बसमध्ये दोघंच राहिली. थिलोने इंजिन बंद केलं नाही. पाठ न वळवता विचारलं, "ठिगळ बदललंस?"

"नाही. पक्कं केलंय. दुहेरी दोऱ्याने." तिने पिशवी पुढे सरकवली. "यात आहे."

त्याने हात मागे करून पिशवी पुढे घेतली.

"किती वाजेपर्यंत असतात त्या बाई?"

"पाच."

"तीनची फेरी साडेचारला संपते," तो म्हणाला. "मोठ्या मुलांना घरी सोडतो आणि जातो."

"मी येऊ?"

"नको. तू घरी थांब." त्याने गियर टाकला. "कुणीतरी घरी असायला पाहिजे."

मग त्याने आरसा बघितला, दिवा लावला आणि बस रस्त्यावर घेतली. उतरण होती, रस्ता मोकळा होता, आणि घर अवघ्या दोन वळणांवर होतं. बस अठ्ठावीसने चालली होती, आणि रोझविताला तोही वेग फार वाटत होता.